गोचिडाचा हर्बल फवारा: आरेतल्या गोठ्यात वापरून पाहिला

कंपनीचं नाव लिहीत नाही. असल्या हिरव्या बाटल्या आता पशुखाद्याच्या बहुतेक दुकानांत दिसतात आणि आतला माल साधारण तोच: कडुनिंब, करंज, गवती चहा, निलगिरी. आम्ही गोरेगावातून लिटरची आणली, सहाशे रुपयांना.

लेबलावर ‘शुद्ध सुगंधी तेले’ लिहिलंय, ते अर्धंच खरं. कडुनिंब आणि करंज ही बिया घाण्यात पिळून काढलेली जड तेलं. उडून जाणारी सुगंधी तेलं म्हणजे गवती चहा आणि निलगिरी. म्हणूनच फवारल्यावर गोठ्याला सर्दी झालेल्या घरासारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी तो पार गेलेला असतो. वासासोबत असरही बराचसा जातो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

आमच्याकडे होल्स्टीनच्या संकरित गाई आणि एक गीर. गिरीला गोचीड कमीच धरतं. संकरितांच्या मात्र कानात, गळ्याच्या पोळीवर, कासेजवळ, शेपटीखाली नुसती रांग, आणि गोचीड तापाला त्याच आधी बळी पडतात. डेल्टामेथ्रीन हे रासायनिक गोचीडनाशक आम्हीही मारायचो, पण माप न पाळता सगळे तेच मारत सुटले की गोचीड त्याला दाद देईनासं होतं. आयव्हरमेक्टिनची सुई दुभत्या गाईला चालत नाही, औषध दुधात उतरतं. म्हणून हा फवारा.

बारीक पिल्लांवर तो खरंच चालतो. नुकतीच चिकटलेली, मोहरीएवढी, ती गळून पडतात. रक्त पिऊन टम्म झालेल्या करड्या माद्या मात्र ढिम्म. सासूबाई त्या अजूनही चिमट्याने काढून रॉकेलच्या डब्यात टाकतात. नखाने चिरडू नका, काँगो तापासारखे आजार गोचिडातूनच माणसाला होतात.

एक गंमत. धारेच्या आधी फवारलं, तर रतीबवाल्या काकूंचा फोन: “गवती चहा दुधातच घालून देता का गं?” दूध वास पटकन ओढतं. आता धार काढून, किटल्या बाहेर नेऊन मगच फवारतो, आणि सड सोडून. पाण्यात मिसळल्याशिवाय तर कधीच नाही, कातडी लाल होते.

कंपनीवर राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. टम्म मादी गाईवरून खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. म्हणजे निम्म्याहून जास्त लढाई गोठ्यात, गाईच्या अंगावर नाही. माहितीपत्रकात भिंतीबद्दल एक ओळ नाही. आम्ही फटी सिमेंटने बुजवल्या, उरलेल्यांवर ब्लो लॅम्पची ज्वाळा फिरवली (गवत बाहेर काढून, गुरं बाहेर बांधून). त्यानंतर फवाऱ्याचा उपयोग दिसायला लागला. त्याआधी पैसे हवेत जात होते.

नोझल भिकार. आरेतली डिसेंबरची पहाट मुंबईच्या मानाने चांगलीच गार असते. कडुनिंबाचं तेल गोठतं आणि नळी तुंबते. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी लागते.

वासरांसाठी आणि दोन मोठ्या फवारण्यांच्या मधल्या काळासाठी पुन्हा घेईन. दुकानदार पाच लिटरचा कॅन स्वस्तात गळ्यात मारायला बघेल, तो घेऊ नका. सारखं झाकण उघडून गवती चहा आणि निलगिरी उडून जातात, आणि शेवटी कॅनमध्ये नुसतं कडुनिंब-करंजाचं तेल राहतं.