जुना जपानी जॅझसेट: माळ्यावरून निघाला, पण कितीला घ्यावा?

लग्नाच्या बँडचा किंवा तियात्राच्या (गोव्यातल्या कोकणी संगीतनाटकाच्या) वाद्यवृंदाचा जुना जॅझसेट, म्हणजे ड्रमसेट, विकायला निघाला की विकणारा हमखास ‘विंटेज जपानी’ म्हणतो आणि भाव दुप्पट करतो. बॅजवर अपोलो, मॅजेस्टिक, स्टुअर्ट, व्हाइटहॉल असं काही असलं, तर तो साठच्या दशकातला स्टेन्सिल सेट समजा. कारखाना जपानचा आणि बॅजवर नाव परदेशी दुकानदाराला हवं ते. पर्ल, स्टार (होशिनो, ज्यांनी १९७४ मध्ये टामा हे नाव आणलं) यांच्याकडून असा माल जाई. म्हणून नावावर भाव करू नका. लगचा (पडदा ताणणारे रॉड ज्यात बसतात त्या धातूच्या भागांचा) आकार, शेलची (ड्रमच्या लाकडी कवचाची) आतली बाजू आणि स्नेअर ड्रमचा स्ट्रेनर (खालच्या तारा ताणणारा खटका) बघा. लग लुडविग या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीसारखे दिसतात म्हणून ‘लुडविगच आहे’ असंही ऐकवतात. ते ऐकून सोडून द्या.

स्टेन्सिलचं लाकूड बहुतेक लुआन, म्हणजे फिलिपिनी महोगनी. पातळ, तांबूस, कडेला आतून मजबुतीची रिंग. आवाज उबदार आणि थोडा आखूड, माइक लावून वाजवायला मस्त. २० इंची बेस ड्रम छोट्या रंगमंचावर फार सोयीचा. सत्तरच्या दशकातला टामा इम्पीरियलस्टार किंवा यामाहाचं बर्च लाकडाचं ९००० मॉडेल मिळालं, तर गोष्ट वेगळी. तिथे शेलचाच भाव असतो. यामाहाचे ड्रम १९६७ पासूनचे, त्यामुळे ‘पन्नासच्या दशकातला यामाहा’ कुणी दाखवला तर हसून पुढे जा.

गोव्यात खरा शत्रू दमट, खारी हवा. फ्लोअर टॉमची (पायांवर उभ्या मोठ्या ड्रमची) खालची कड आधी जाते, कारण पावसाळाभर ती ओल्या फरशीजवळ असते. हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, काढून शेल किचनच्या कडाप्प्यावर उपडं ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली तर कड वाकलीय किंवा प्लाय (लाकडाचा थर) सुटलीय. बोटाने टकटक करत सगळीकडून फिरा. एखाद्या जागी आवाज बद्द आणि फडफडता आला, तर तिथे थर मोकळा झालाय. मग टेपने व्यास दोन दिशांनी मोजा. ३ मिमीच्या वर फरक असेल तर हेड नीट बसणार नाही. खात्रीसाठी त्या ड्रमच्या मापाचं नवं हेड सोबत न्या. ते वरून अलगद पडलं पाहिजे, दाबावं लागलं तर लाकूड फुगलंय किंवा वरचं प्लॅस्टिक उचललंय. सुटलेली प्लाय परत बसते: सिरिंजने फेव्हिकॉल आत सोडायचा, क्लॅम्प लावून २४ तास ठेवायचं. पण ती मेहनत भावातून वजा करा.

लग ही दुसरी फसवणूक. जस्ताचे ओतीव, आत स्प्रिंग आणि नट. रॉड हाताने पूर्ण फिरवून बघा, पान्याने नव्हे. अडकला तर जबरदस्ती नको. तो धातू ठिसूळ असतो, तडा जातो आणि जोडी मिळत नाही. खडखडत असेल तर स्प्रिंगभोवती थोडा कापूस पुरतो. क्रोमवरचा वरवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलने निघतो. खड्डे पडले असतील ते कायमचे.

भाव ठरवताना सुटे भाग मोजा: टॉम होल्डर, बेस ड्रमचे दोन स्पर (आधाराचे पाय), फ्लोअर टॉमचे तीन पाय, स्नेअरचा स्ट्रेनर. टॉम होल्डर नसला तर निम्मा भाव सांगा, कारण नवा बसवायला बेस ड्रमला भोकं पाडावी लागतात आणि भोक पाडलं की सेट मूळ अवस्थेतला म्हणून विकता येत नाही. चारही ड्रमचं रॅप (वरचं रंगीत प्लॅस्टिक) एकाच उन्हात फिकट झालेलं असावं. एकाचाच चकचकीत लाल स्पार्कल जास्त लखलखत असेल, तर तो दुसऱ्या सेटमधून आलाय.

अमेरिकेत नेहमीचे, पूर्ण स्टेन्सिल सेट ढोबळमानाने २०० ते ५०० डॉलरला जातात. इथे त्याहून जास्त मागणाऱ्याला बॅज कसा बसवलाय ते दाखवायला सांगा. मूळ बॅज बहुधा हवेच्या छिद्राच्या धातूच्या डोळ्याने (गोल कडीने) शेलला दाबलेला असतो. गोंदाने चिकटवलेला निघाला तर पाकीट खिशात परत घाला.