जुनी रोड बाईक: २७ इंची स्टील रिमची की ७००सी मापाच्या अ‍ॅल्युमिनियम रिमची?

समजा साताऱ्यात पहिलीचे ८ हजार सांगितले, दुसरीचे १३. आमच्या मते बहुतेक वेळा दुसरीचाच भाव रास्त ठरतो. क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक जेमतेम लागतो. यवतेश्वरचा घाट उतरताना ते जिवावर बेतेल. मग पहिलीला ७००सीची चाकं बसवायची म्हटली, तर २७ इंची टायर बसतो ६३० मिमी व्यासावर आणि ७००सी ६२२ वर. म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. कॅलिपरच्या (रबर धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याच्या) खाचेत तेवढी जागा नसेल, तर ब्रेकही नवे. हा सगळा खर्च ८ हजारांत मिळवूनच तुलना करा.

दुसरीची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) मात्र हलवून बघाच. फ्रेमच्या स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियम गंजून घट्ट धरतं. ती हलत नसेल तर भाव पाडून मागा. चेनच्या २४ कड्या पिन ते पिन ३०४.८ मिमी हव्यात. ३०८ भरल्या तर फ्रीव्हीलही (मागची दातेरी चक्रं) झिजलेलं समजा.

दोन्हींत हँडलखालच्या तिरप्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. हँडलकडच्या जोडाजवळ फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली, तर समोरून धडक बसलेली असते. अशी फ्रेम कुठल्याच भावात घेऊ नका.