सशाच्या ट्रेमध्ये काय घालावं: रद्दी, भुसा की लाकडाच्या गोळ्या?

ऐरोलीला राहणारी माझी मावसबहीण ससा आणणार आहे. तिचा पहिला प्रश्न, "ताई, आंघोळ किती दिवसांनी घालू?" कधीच नाही, बाई. ससा मांजरासारखा चाटून-चाटून स्वतःला साफ ठेवतो. पाण्यात घातला की तो घाबरतो, धडपडीत पाय नाहीतर कणा मोडून घेऊ शकतो, आणि दाट लव लवकर सुकत नाही म्हणून अंग गार पडतं. ढुंगणाला घाण चिकटलीच तर तेवढा भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करायचा. घासून धुवायचा तो त्याच्या शी-लघवीचा ट्रे. म्हणून ठरवायचं असेल तर त्या ट्रेत काय घालायचं, हे आधी ठरवा.

आमच्या कळव्याच्या वन-बीएचकेमध्ये दाण्या नावाचा ससा सहा वर्षं आहे. या काळात मी जवळपास सगळं वापरून पाहिलं.

सशाची लेंडी कोरडी असते, तिला वास जवळजवळ नसतो. दिवसाला दोनशे-तीनशे पडतात, तरी त्रास त्यांचा नाही. वास येतो तो लघवीचा. ती साचली की अमोनिया सुटतो, आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की तो आपल्या नाकाआधी सशाच्या नाकाला झोंबतो. दुसरं म्हणजे, कुत्र्या-मांजरांच्या तळपायाला असते तशी गादी सशाला नसते, नुसती लव असते. ती सतत ओली राहिली की झडते, खाली जखमा होतात. (तारेच्या तळाचे पिंजरे म्हणूनच नकोत.) तेव्हा पारख दोनच गोष्टींची: लघवी किती पटकन शोषली जाते, आणि सशाने ती वस्तू खाल्ली तर काय होईल. ससा खाणारच, हे गृहीत धरा.

या दुसऱ्या कसोटीवर दोन गोष्टी लगेच बाद होतात. मांजरांसाठीची, ओली झाली की गोळे धरणारी माती पोटात जाऊन फुगते आणि सशाला उलटी करताच येत नाही. बाळांचे पॅडही नकोत, ससा त्यांचं प्लास्टिक कुरतडतो.

रद्दी सर्वात स्वस्त. घरात पेपर येत असेल तर फुकटच. थोडा कागद पोटात गेला तर सहसा बिघडत नाही. पण कागद लघवी शोषतो कमी, पसरवतो जास्त. सकाळी घातलेला थर दुपारपर्यंत लिबलिबीत होतो आणि पांढरा ससा असेल तर त्याचे पाय शाईने राखाडी. पावसाळ्यात रद्दी मुळातच सादळलेली असते. दिवसातून दोनदा बदलणार असाल, तरच रद्दी.

भुशाचा अनुभव मी पैसे न देता विकत घेतला. वागळे इस्टेटच्या एका फर्निचरच्या कारखान्यातून पोतंभर भुसा मिळाला, मी खूश. चार दिवसांत दाण्या शिंकायला लागला. त्या भुशात प्लायवूडची बारीक धूळ होती, डिंकासकट. पॅकबंद मिळणारी पाइन किंवा सीडर लाकडाची ताजी भुशी तरी बरी असेल असं वाटतं, पण तिचा तो सुवास म्हणजे लाकडातली तेलं. त्यांचा सशाच्या फुप्फुसांना आणि यकृताला त्रास होतो. वास जितका छान, तितकी ती नको.

नारळाचा कोकोपीट शोषतो झकास, पण लवेला चिकटतो, घरभर पसरतो आणि गडद असल्याने लघवीचा रंग कळत नाही. रंग कळायला हवा. नारिंगी-तांबूस लघवी बऱ्याचदा नुसती खाण्यातल्या रंगाची असते, रक्त मात्र ओळखता आलं पाहिजे.

लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर मी शेवटी थांबले. तयार करताना त्या इतक्या तापवतात की ती तेलं उडून जातात. लघवी पडली की गोळी फुटून भुसा होतो आणि ओल खाली जाते. रोज ओला कोपरा उचलायचा, तीन-चार दिवसांनी सगळं बदलायचं. रद्दीपेक्षा महाग, यात वाद नाही. आणि आपल्याकडच्या जुलैत त्याही पापडासारख्या सादळतात, पिशवी उघडी राहिली तर आठवड्यात भुगा. घट्ट झाकणाचा डबा लागतोच. मात्र बॉयलरसाठीच्या जळाऊ गोळ्या स्वस्त दिसल्या म्हणून आणू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

ट्रेत काहीही घातलं तरी त्याच्या एका टोकाला सुका चारा हवाच. ससा खाता-खाता शी करतो, त्यामुळे ट्रेची सवय त्यानेच लागते. शिवाय त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते चाऱ्यानेच झिजतात. टिमोथी गवताचा पॅक परवडत नसेल तर सुकवलेली हरळी चालते. हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच. गणपतीत जांभळी नाक्यावर जुड्यांचे ढीग लागतात, तेव्हा मी बहुतेक सशासाठीच घेते, पण धुऊन. लसूणघास मात्र सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ठीक. मोठ्याला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, लघवी चुन्यासारखी पांढरी-घट्ट येते आणि ट्रेला खपली धरते. ती खपली पांढऱ्या व्हिनेगरने सुटते. फिनाईल वापरू नका.

पावसाळ्यात ट्रे ओला राहिला तर आणखी एक धोका आहे. घाण चिकटलेल्या लवेत माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. जून ते सप्टेंबर मी रोज दाण्याला उताणा करून नव्हे, नुसता उचलून खालून बघते. अळी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरात कुत्र्यासाठी आणलेला गोचिडांचा स्प्रे असेल तर तो सशाला कधीच नाही, त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी ठरतं.

ट्रे रोज बघितला की आजारही तिथेच आधी कळतो. लेंड्या लहान, कमी, केसांनी माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या तर चारा कमी पडतोय. बारा तास लेंडी नाही आणि खाणंही नाही, तर वाट बघू नका. ससे बघणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. जवळ कोणी नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पत्ता आधीच काढून ठेवा.

आठच्या लोकलने जाऊन रात्री आठला परतणाऱ्यांनी गोळ्याच घ्याव्यात. वापरलेला भुसा घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात जातो, लेंड्या तशाच झाडांच्या कुंडीत घालता येतात. बहिणीकडे सासूबाई दिवसभर घरी असतात, म्हणून ती म्हणते रद्दीच बरी. बरोबर आहे तिचं. फक्त पुरवणी ट्रेत जायच्या आधी त्यांचं शब्दकोडं सोडवून झालेलं असावं.