परदेशात फिरत राहावे की एका शहरात घर करावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातून परदेशी जाणे नवे नाही. आखाती देशांत कामाला गेलेला एखादा काका किंवा मामा अनेक घरांत असतो. अलीकडे मात्र आणखी एक वर्ग दिसू लागला आहे. लॅपटॉपवर काम करून कोठूनही मिळकत मिळवणारे तरुण आणि नोकरीतून मोकळे झालेली काही जोडपी काही वर्षे परदेशात राहण्याचा विचार करतात, आणि त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. दर एक-दोन महिन्यांनी मुक्काम हलवत अनेक देश पाहायचे, किंवा एकाच शहरात भाड्याचे घर घेऊन तेथील रहिवासी व्हायचे. मी दोन्ही रीतींनी राहिलो आहे, आधी थायलंड, मलेशिया आणि व्हिएतनाम येथे मुक्काम बदलत आणि नंतर जर्मनीतील लाइपझिग शहरात. माझे मत आरंभीच सांगतो. ज्याच्या घरी आईवडिलांकडे पाहणारे कोणी आहे, ज्याची प्रकृती ठणठणीत आहे आणि ज्याने परतीचा काळ आधी ठरवला आहे, त्याने खुशाल फिरावे. इतर सर्वांनी एका ठिकाणी राहावे.

पहिला प्रश्न परवानगीचा. फिरत्या माणसाचे वेळापत्रक व्हिसाच ठरवतो. थायलंडने भारतीयांना २०२३च्या नोव्हेंबरमध्ये व्हिसाशिवाय ३० दिवसांचा मुक्काम दिला आणि २०२४च्या जुलैत तो ६० दिवसांवर नेला. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत दिली. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंत मिळू लागला. या तारखा मुद्दाम दिल्या, कारण इतक्या थोड्या काळात इतके बदलणारे नियम पुढेही बदलणार हे गृहीत धरूनच निघावे लागते. शिवाय पर्यटक म्हणून मिळालेल्या मुक्कामात काम करण्याचा हक्क सहसा नसतो, मग पगार भारतातून का येत असेना. थायलंडने २०२४मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला, त्यात प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते. परंतु त्यासाठी पाच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते.

एका जागी राहणाऱ्याची कसोटी सुरुवातीलाच लागते. जर्मनीत त्यासाठी नोकरी, शिक्षण किंवा असेच ठोस कारण लागते. नोकरी हातात नसलेल्यांसाठी २०२४च्या जूनपासून गुणांवर आधारित संधीपत्र मिळते, त्यावर एक वर्ष राहून नोकरी शोधता येते. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र हवे. घराची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. हे सारे त्रासाचे आहे, परंतु एकदा पार पडले की माणूस निर्धास्त होतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, असलेल्याला २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार सांभाळण्याइतकी, आली असल्यास २१ महिन्यांनीच. फिरणाऱ्याने कितीही वर्षे घालवली तरी त्याच्या खात्यावर असे काही जमा होत नाही.

येथे आपल्या भागातील माणसाकडे एक बळ आहे, त्याची जाणीव फारशी कोणाला नसते. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा व्यवहारात वाढलेल्या माणसाला समोरच्या खिडकीतील कारकुनाची भाषा आपणच शिकली पाहिजे, हे कोणी सांगावे लागत नाही. सीमाप्रश्नाविषयीचे मत काहीही असो, ही सवय लाइपझिगमध्ये मला फार उपयोगी पडली. फिरत्या मुक्कामात मात्र ती वाया गेली. थाई भाषेत भाजी घेण्यापुरते बोलू लागलो तोवर मलेशियाला निघायची वेळ आली, आणि पेनांगमध्ये तमिळ वस्ती असल्याने इडली-डोशाची सोय झाली तरी ओळखी पुन्हा पहिल्यापासून करायच्या होत्या.

माणसांच्या बाबतीत दोन्ही रीतींतला फरक सर्वांत मोठा आहे. फिरताना भेटणारी माणसे मोकळी असतात, कारण दोघांनाही निघायचे असते. एका संध्याकाळी मन उघडे होते आणि महिन्याभराने पत्ताही उरत नाही. काहींना हेच आवडते, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. जर्मन शेजारी उलट असतो. पहिले कित्येक महिने जिन्यात नमस्कारापलीकडे शब्द नाही, रविवारी दुकाने बंद, डिसेंबरात दुपारी चारला अंधार. या काळात पुष्कळ लोक खचतात आणि परत येण्याचा विचार करतात. पण पहिला हिवाळा काढला की चित्र बदलते. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी सुट्टीला जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवू लागल्या, आणि दिवाळीला चिवडा-चकलीचा डबा त्यांच्याकडे जाऊ लागला. आपल्या गल्लीत शेजारी आपोआप मिळतो, तेथे तो मिळायला वर्ष लागते, आणि फिरणाऱ्याकडे ते वर्ष नसते.

ऋतूंच्या बाबतीत फिरणाऱ्याची बाजू निःसंशय वरचढ आहे. उत्तर थायलंडमधील चिआंग माई शहरात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेत आणि रान जाळल्याचा धूर इतका साठतो की श्वास घेणे अवघड होते. पाहुणा तेव्हा समुद्रकिनारी जातो, रहिवासी तोच धूर पितो. व्हिएतनाममधील दा नांग शहराच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाचेही तसेच, जरी खानापूरचा पाऊस पाहिलेल्याला त्याचे विशेष वाटणार नाही.

आजारपण हा विषय लोक टाळतात, म्हणून तो स्पष्ट लिहितो. भारतातून घेतलेला प्रवास विमा प्रामुख्याने अचानक उद्भवलेल्या संकटासाठी असतो. मधुमेह, रक्तदाब असे जुने दुखणे बहुतेक विम्यांत वगळलेले असते किंवा फार मर्यादित धरलेले असते, आणि अपघातानंतर महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांचा भार त्यावर टाकता येत नाही. जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरदार सरकारी विम्यात असल्यास हप्त्याचा जवळजवळ अर्धा वाटा मालक भरतो, आणि जुन्या दुखण्यावरून कोणाला नाकारले जात नाही. हप्ता जड वाटतो हे खरे. पण ज्याच्या घरात कोणाला रोजच्या गोळ्या आहेत, त्याच्यासाठी माझ्या मते हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे.

खर्चाचे थोडक्यात सांगता येते: रोजचा खर्च आग्नेय आशियात कमी, बचत जर्मन पगारावर अधिक. कराकडे मात्र दुर्लक्ष होते. वर्षातील १८२ दिवस भारताबाहेर काढले म्हणजे भारतातला कर सुटला, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासूनच्या नियमानुसार, ज्या भारतीय नागरिकाचे परदेशातील मिळकत वगळता उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे आणि जो रहिवासी म्हणून अन्य कोणत्याही देशात कराला पात्र नाही, तो भारताचाच रहिवासी मानला जातो. सतत देश बदलणारा माणूस नेमका यात सापडू शकतो.

कागदपत्रांत सीमाभागातील माणसाला दुप्पट वेळ धरावा लागतो. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, अशी स्थिती असंख्य घरांत आहे. एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसऱ्यावर वेगळे, असे असले की परदेशातील कारकून एकच माणूस आहे हे मानत नाही. अनेक देश अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मागतात, आणि त्याआधी प्रमाणपत्र ज्या राज्याने दिले त्या राज्याची साक्षांकनाची पायरी येऊ शकते, म्हणजे जन्माच्या दाखल्यासाठी बंगळूर आणि पदवीसाठी मुंबई. फिरणाऱ्याला यातले फारसे लागत नाही. त्याने पासपोर्ट काढतानाच ६० पानांचा मागावा आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नवा करावा, एवढे पुरते.

शेवटी गावाकडची बाजू. अनिवासी झाल्यावर भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारसाने आलेली ठेवता येते. ज्याला खानापूर-नंदगडच्या बाजूला वडिलांच्या रानाशेजारचा तुकडा घ्यायचा आहे, त्याने तो जाण्यापूर्वी घ्यावा. मतदार यादीत परदेशस्थ म्हणून नाव राहू शकते, पण मत द्यायला स्वतः यावे लागते. आणि वाटणी, वारसा नोंद, बँकेची कामे यांसाठी भाऊ किंवा बहीण, ज्यांच्यावर विश्वास आहे, त्यांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच उपनिबंधक कार्यालयात नोंदवून घ्यावे. तेच परदेशातून करायचे झाल्यास वकिलातीत साक्षांकन आणि कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, हे दोन्ही सांभाळावे लागते. आणि ज्याचा मुक्काम दर महिन्याला बदलतो, त्याला वकिलातीची वेळ मिळेपर्यंत बहुधा देश सोडायची तारीख आलेली असते.