गॅलरी की आतली खोली: घरच्या शिवणकामासाठी जागा निवडताना

इंदूरमध्ये रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या फ्लॅटमध्ये शिवणकाम सुरू करायचे म्हटले की बहुधा दोनच जागा पुढे येतात: काचा लावून बंद केलेली गॅलरी आणि आतल्या खोलीतली एखादी मोकळी भिंत. गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर तीही कोणी सुचवते, परंतु मे महिन्यातल्या दुपारी त्या पत्र्याखाली इस्त्री धरून उभे राहणे शक्य नसल्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

जागा ठरवताना आपण आधी मशीन कुठे मावेल ते पाहतो. वास्तविक मशीनला फारसे काही लागत नाही. खरी जागा लागते ती कापड बेतायला. सुती कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४४ इंच असतो, पण कित्येक ड्रेसच्या कापडांचा ५८ इंच असतो, म्हणजे दुहेरी घडी घातल्यावरही २९ इंच उरतात. त्यासाठी ३० इंच रुंद आणि किमान ५ फूट लांब फळी हवी. चार फुटी गॅलरीत ती बसवली की उभे राहायला जेमतेम दीड फूट राहतो आणि एकाच बाजूने कात्री चालवावी लागते. मग आपण फिरण्याऐवजी कापड फिरवतो, खालचा पदर सरकतो आणि दोन बाह्या सारख्या निघत नाहीत. सुती कापड हे थोडेफार सहन करते. चंदेरी किंवा रेशमी कापड अजिबात करत नाही. या एका बाबतीत आतली खोली निर्विवाद सरस आहे, कारण तिथे भिंतीला बिजागरीची फळी लावून काम झाल्यावर ती खाली सोडता येते. फळी कमरेच्या उंचीला, साधारण ३६ इंचांवर असावी. मशीनचे टेबल २८ ते ३० इंच उंच असते, आणि जेवणाचे टेबलही तेवढेच. त्यावर रोज वाकून कापड बेतले तर पाठ बोलू लागते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र गॅलरीला तोड नाही. काळ्या कापडावर काळा दोरा, ब्लाउजची हातशिलाई, साडीला फॉल लावणे ही कामे दिवसाच्या उजेडात जितकी नीट होतात तितकी ट्यूबखाली होत नाहीत. आतल्या खोलीत निदान सुईच्या डाव्या बाजूला एक छोटा दिवा हवाच, आणि दोऱ्याचा रंग जुळवायला खिडकीपाशी जावे लागतेच. पण गॅलरी पश्चिमेकडे असेल तर तेच ऊन रेशमाचा रंग उडवते आणि धागाही कमकुवत करते. शिवाय पावसाळ्यात झडीचे पाणी आत आले तर काळ्या लोखंडी मशीनला गंज धरतो. त्यामुळे मशीन गॅलरीत ठेवले तरी गिऱ्हाइकांच्या महेश्वरी साड्या, अस्तरे आणि रिळी यांचे कपाट आतच असावे.

विजेचा प्रश्न मशीनचा नाही, इस्त्रीचा आहे. घरगुती मशीनची मोटर १०० वॉटच्या आतली असते. १००० वॉटची साधी इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेते, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती चालते. २००० वॉटच्या वाफेच्या इस्त्रीला ८.७ अँपिअर लागतात आणि त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट हवे, जे गॅलरीत सहसा नसते. एक्स्टेंशनची वायर ओढून हे भागवू नये. प्रत्येक शिवण घातली की ती दाबावी लागते, तेव्हा इस्त्री मशीनशेजारीच हवी.

कातरणे सुक्या कचऱ्यात वेगळी द्यावी लागतात, त्यासाठी दोन्हीकडे एक पिशवी पुरते.

मुख्यतः फॉल, पिको आणि अल्टरेशन करायचे असेल तर माझ्या मते गॅलरी घ्यावी. नवे ब्लाउज, कुर्ते शिवायचे असतील तर आतली खोली. दोन्ही करायचे असल्यास मशीन गॅलरीत आणि फळी आत, अशी विभागणी चालते, मात्र तीन-चार कपडे एकदमच बेतून त्यांचे भाग गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठीसह वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. घर भाड्याचे असेल आणि मालक भिंतीला भोके पाडू देत नसेल, तर बिजागरीऐवजी घडीच्या पायांवर ठेवायची सुटी प्लायवूडची फळी करून घ्यावी. ती पलंगाखाली सरकते.