‘लाफिंग टोमॅटोज’ : स्पॅनिश-इंग्रजी वसंतकविता, काही महिने वाचून झाल्यावर

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. मुलगी दुसरीत, शाळेत अर्धं शिक्षण स्पॅनिशमधून, आणि घरात स्पॅनिशच्या नावानं शंख. म्हणून फेब्रुवारीत फ्रान्सिस्को आलार्कोन यांचं ‘लाफिंग टोमॅटोज अँड अदर स्प्रिंग पोएम्स’ घेतलं. पुस्तक 1997 चं. वसंतावरच्या 20 कविता, प्रत्येक दोन्ही भाषांत.

बडबडगीतांवर वाढलेल्या मुलांना हे सुरुवातीला कोरडं वाटणार, हे आधीच सांगते. यमक नाही, विरामचिन्हं जवळपास नाहीत, ओळीत दोन-तीन शब्द. नुसतं इंग्रजी वाचलं तर कविता चटकन संपते आणि मूल विचारतं, ‘एवढंच?’ खरी गोडी स्पॅनिशमध्ये आहे आणि तीही मोठ्यानं वाचलं तरच. आपल्याला ते जड जात नाही. स्वर पाचच, अ ए इ ओ उ, आणि कुठेही आले तरी उच्चार तोच. h गिळायचा, j म्हणजे घशातला ह, दोन l म्हणजे य. एवढ्यावर वाचता येतं. माझा र तिला अजून पसंत नाही, तो भाग वेगळा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली गेली ती ‘सिंको दे मायो’. 5 मे 1862 ला मेक्सिकोच्या सैन्यानं प्वेब्लाला फ्रेंचांना हरवलं, त्याचा हा सण. (मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबरला असतो, इथे अनेकांची गल्लत होते.) कवी लढाईला इतिहासाच्या पुस्तकात ठेवून सरळ खाण्यावर येतो : ओर्चाता (तांदळाचं गोड पेय), ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी), आणि तिखट-लिंबू लावलेला आंबा! तिखट-मीठ लावून कैरी खाणाऱ्या पोरीला आणखी काय हवं? वर शेवटी सुट्टी जवळ आल्याचा आनंद. मेमध्ये ही कविता रोज झाली.

शीर्षककविता टोमॅटोंची. परसात लावलेले टोमॅटो हसत हसत लाल होतात आणि झाडांना आधार देणाऱ्या तारेच्या पिंजऱ्यांची वसंतातच ख्रिसमसची झाडं होतात. कल्पना झकास, पण वसंतात लाल? आमचे एप्रिलमध्ये लावलेले जुलैपर्यंत हिरवेच होते. तरी त्या पिंजऱ्याला ती आता ख्रिसमस ट्रीच म्हणते.

सेसार चावेझ यांच्यावरची कविता मात्र एकटी पुरत नाही. शेतमजुरांचा हा पुढारी कोण, 1965 चा कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावचा द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप काय, हे आधी सांगावं लागलं. माया क्रिस्तिना गोन्सालेस यांची चित्रं भडक रंगांची, पान कडेपर्यंत भरलेलं. मला जरा गर्दी वाटते, मुलीला नाही.

पाचच्या आतल्या मुलांसाठी घेऊ नका. स्वतः वाचायला लागली की घ्या. याच मालिकेत बाकीच्या तिन्ही ऋतूंची पुस्तकं आहेत. उन्हाळ्याचं मागवलंय.