बोटाचं मशीन, घड्याळ की कातडीवरचा सेन्सर?

आमच्या मामांची चाळीस वर्षं निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात. डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) सांगितलं आणि घरात खल सुरू झाला: घरी ऑक्सिजन मोजायला घ्यायचं काय?

स्मार्ट घड्याळाचं लगेच सांगतो. हात हलला, पट्टा सैल झाला की आकडा नाचतो. पावलं मोजायला ठीक.

बोटाचं ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून हिमोग्लोबिनला किती ऑक्सिजन चिकटलाय ते काढतं. स्वस्त, सोपं. पण गार बोटाला फसतं. डिसेंबरात एका पहाटे मामांचा आकडा ८४ टक्के आला, घरात धावपळ. चहाचा कप धरायला देऊन पुन्हा लावलं, तर ९१! सावळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा जास्तही दाखवू शकतं.

खरी मेख वेगळीच. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. घरी ऑक्सिजन जोरात सोडला, आकडा ९७ झाला, सगळे खूश. आत मात्र कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. म्हणून अशा पेशंटचा आकडा सहसा ८८ ते ९२ मध्येच ठेवतात.

कातडीवरचा सेन्सर नेमकं हेच पकडतो. कातडी ४२ ते ४४ अंशांपर्यंत तापवायची, खालच्या केशवाहिन्या फुलतात, वायू वर झिरपतात, इलेक्ट्रोड मोजतो. नवजात बाळांच्या आयसीयूत हे कित्येक वर्षं चालू आहे. मोठ्यांच्या जाड कातडीवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा बरा येतो, ऑक्सिजनचा तितका भरवशाचा नाही. शिवाय दर काही तासांनी जागा बदला, नाहीतर चट्टा उठतो, कॅलिब्रेशन (यंत्राचा आकडा जुळवून घेणं) वेगळंच. हे मामींच्या गळ्यात कोण मारणार? न तापवता, चमकणाऱ्या रंगद्रव्यावर चालणाऱ्या पट्ट्यांवर संशोधन सुरू आहे, पण मेडिकलमध्ये जाऊन मागण्याइतकं ते पुढे आलेलं नाही.

आम्ही ऑक्सिमीटर घेतलं, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी. मनगटाच्या धमनीत सुई घालतात, दुखतं, पण कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ (मिमी पारा) या नेहमीच्या पट्ट्यात आहे की नाही ते कळतं. निपाणीकरांना त्यासाठी कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव; आधी फोन करून निघा. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर ऑक्सिमीटरवर ९२ असलं तरी थांबू नका.

मामींच्या वहीत आकड्याशेजारी आता ‘पेंग’ असा एक रकाना आहे.